मागची ओ

त्रेपन्न सालच्या जानेवारीतली गोष्ट. रविवारी सकाळी सातला जया कोलशेतच्या मिठागरावर पोचली, तेव्हा धुकं इतकं दाट होतं की खाडी नुसती वासानं कळत होती. कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. तिसऱ्या हिवाळ्यातली ही शेवटची पक्षीमोजणी. ती झाली की प्रबंध पुरा, आणि प्रबंध पुरा झाला तरच नोकरी कायम.

वाट दाखवायला मिठागरावरचा काळुराम होता. गेल्या वर्षी अशाच धुक्यात त्याची बायको गोदा याच बांधावरून चिखलात गेली. सापडली नाही.

"पाखरां मोजून पोट भरतं का, बाई?"

"भरेल. आजचा दिवस नीट गेला तर."

"मंग नेम पाला. मी हाक मारीन, मागच्यानं ओ द्याची. ओ नाय आली तरी पुढच्यानं वलून बगाचा नाय. वलला तो पन चिखलात जातो." तो जरा थांबला. "मी पन नाय वललो तवा."

बांध जेमतेम हातभर रुंद होता. दोन्ही अंगांना तुतवार पक्षी उथळ पाण्यात चरत होते. माणूस वीस पावलांवर आला की ते उठतात. जयानं हे अंतर स्वतः टेप लावून ठरवलं होतं.

"हाईस का?" पुढून हाक आली.

"आहे!" ती म्हणाली, आणि अख्खा थवा भुर्रकन उडाला. मोजणी वाया गेली.

पुढच्या थव्यापाशी तिनं श्वाससुद्धा जपून घेतला. एकशे नव्वद. दोनशे.

"हाईस का?"

एकदा ओ दिली नाही तर काय बिघडतं? तिनं ओठ मिटून घेतले. दोनशे चार.

"हाय," मागून बाईचा घोगरा आवाज आला.

जया वळली. मागे नुसतं धुकं. वीसेक पावलांवर पक्षी फडफडून उठले. तिच्याजवळचे मात्र खाली माना घालून चरत होते.

"काळुराम, थांबा!"

तो थांबला नाही.

"हाईस का?" त्याचा आवाज कापरा झाला होता.

"हाय."

या वेळी ओ तिच्या पुढून आली. हातभर बांधावर तिला ओलांडून कुणी गेलं नव्हतं. खाऱ्या चिखलाचा वास मात्र अंगावरून गेला.

"मी इथे आहे!" जया ओरडली.

दूर, बांधाच्या टोकाला त्याच्या झोपडीचं दार करकरलं. काळुराम हळू आवाजात कुणाला तरी म्हणत होता, "ये. च्याय ठेवतो."

दार लागलं.

जया धावत सुटली. वाटेत बांधावरच तुतवारांचा थवा बसला होता. ती त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, मोठमोठ्यानं हाका मारत.

एकही पक्षी उडाला नाही.

एक तुतवार तिच्या दोन पावलांच्या मध्ये आला आणि चोच खुपसून शांतपणे चिखल टोचत राहिला.