फक्त रंगीत शेपट्यांचे मासे

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विहिरीत सोडलेले सगळे गप्पी मासे रंगीत शेपट्यांचेच का, हे कोडं ऋजुताला २०५१च्या उन्हाळ्यात पडलं. उत्तर मिळेपर्यंत विहिरीत एकही मासा उरला नव्हता, डासांचं चांगलंच फावलं होतं आणि धाकटा भाऊ मिहीर डेंग्यूने दवाखान्यात होता.

उत्तर दिलं आजोबांनी. ते जनुकशास्त्रज्ञ होते. रंगीत शेपटी नराची, मादी असते भुरकट, ते म्हणाले. एका कंपनीच्या संशोधकांनी गप्पीचं एक जनुक (शरीर कसं घडावं हे सांगणारी पेशीतली सूचना) असं बदललं होतं, की पिल्लं सगळी नरच व्हावीत आणि त्यांच्या पिल्लांतही तोच गुण उतरावा. हळूहळू माद्या संपतात, मग मासेच संपतात. गप्पी नद्यांत शिरून तिथल्या माशांची पिल्लं फस्त करतात, म्हणून हा उपाय. चाचणी खारपाडी गावाबाहेरच्या तळ्यात चालू होती. परवाना देताना सरकारने कुंपण पाहिलं होतं, पुराचाही विचार केला होता.

ऋजुताचा चेहरा पडला. खारपाडीत विहीर उपसली की दुसऱ्या पाण्यातले गप्पी आणून सोडायची रीतच होती. तिने त्याच तळ्यातून बरणीभर आणले होते. तिथल्या राखणदार यंत्रमानवाला बगळे हाकलायला शिकवलं होतं, मुली नाही.

"म्हणजे मिहीर माझ्यामुळे आजारी पडला," ती म्हणाली.

आजोबा लगेच नाही म्हणाले नाहीत, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"मासे तू आणलेस, हे खरं," ते शेवटी म्हणाले. "पण इथली माणसं गप्पींचं काय करतात, हे परवाना देणाऱ्यांनी कुणाला विचारलंच नाही. नियमात तो प्रश्नच नाही, बाळ."

सोमवारी तालुक्याला जनसुनावणी (सरकारने लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायची सभा) होती. तेच मासे आता जिल्हाभर सोडायचे होते आणि तळ्यातून एकही मासा बाहेर गेला नाही, असं कंपनी छातीठोकपणे सांगत होती. खरं काय ते ऋजुताला ठाऊक होतं. पण तोंड उघडलं तर गाव तिलाच बोल लावणार. आणि आईला तर यातलं काहीच माहीत नव्हतं.

तरी सुनावणीत ती उभी राहिली आणि बरणीचं सगळं सांगून टाकलं. आईने मान खाली घातली.

जिल्हाभर मासे सोडायचा परवाना थांबला. यापुढे चाचणीआधी गावात येऊन विचारायचं आणि नंतर आसपासचं पाणीही तपासत राहायचं, अशी अट नियमात घालायचं ठरलं. आजोबा म्हणाले, पुढच्या गावांचं तरी भलं होईल.

संध्याकाळी आई दवाखान्यात मिहीरला पेज भरवत होती. ऋजुता दारातच थांबली. आईने वर पाहिलं नाही, पण बाकावर थोडं सरकून जागा केली.