कोणत्या पायातला बूट

लातुरात क्लासच्या पोरांच्या होस्टेलवर लाईट गेली, तसे वॉचमन पाशामियाँ जिन्यावर बसले. "धोंडप्पा माझा दोस्त. त्याच्यासंग घडलेली हाय, बनवलेली न्हाई," म्हणत त्यांनी सुरू केलं.

धोंडप्पा हितंच आला होता, नातवाला धपाटे द्यायला. सप्टेंबरची एकोणतीस तारीख, भूकंपानंतरचं पाचवं वर्ष. धपाटे दिले, "अभ्यास कर" म्हणाला अन् लुना काढून अंधारात गावाकडं निघाला.

जवानीत त्याची तंबूतली टॉकीज होती. शिणेमे नुकते बोलायला लागले होते, तवाचा एक विनोदी शिणेमा तो लावायचा. वरातीतला नवरदेव घोड्यावरून विहिरीत पडतो, एक बूट हरवतो अन् लंगडतच लग्न लावतो. चावडीवरची मंडळी त्याच्यापायी येडी. बँडवाल्याच्या पिपाणीतून पाणी कवा उडतं, सासऱ्याचा फेटा घोडा कवा खातो, सगळं तोंडपाठ. त्यांच्यातल्या माणिकप्पानं एकदाच पाहिलेला, तरी त्याला सगळ्यांपेक्षा जास्त याद.

एक दिवस वाद पेटला. हरवला तो बूट कोणत्या पायातला?

सगळे म्हणाले, डाव्या. माणिकप्पा एकटा म्हणाला, "उजव्या. या डोळ्यांनी पाहिलंय."

धोंडप्पाला विचारलं. त्याला ठाऊक होतं. माणिकप्पा आला त्या रात्री ते रीळ त्यानंच उलटं चढवलं होतं. डाव्याचं उजवं दिसलं, अन् आवाजाच्या जागी नुसती घरघर. बाकीचे शिव्या देत उठून गेले. माणिकप्पा तेवढा शेवटपर्यंत बसला.

पण चूक कबूल केली तर टॉकीजची इज्जत जाणार. धोंडप्पा म्हणाला, "माणिक, तू झोपला व्हतास."

चावडी खदखदा हसली. माणिकप्पाचं नाव 'झोपाळू' पडलं. तो पुन्हा चावडीवर आला न्हाई. मग भूकंप झाला. माणिकप्पा गेला. चावडी गेली. हसणारे बी गेले.

जुन्या गावाच्या दगडांपाशी लुना बंद पडली.

मागं वजन बसलं.

घर्र... घर्र...

"धोंडू..."

धोंडप्पाची मान वळंना.

"कोणता बूट?"

"चाचा," जिन्यावर ऐकत बसलेला फैजान म्हणाला, "मेलेला माणूस हे विचारायला आला?"

"तुला दुसरं काय विचारणार? फिजिक्स? गप ऐक."

धोंडप्पा पुढंच बघत म्हणाला, "डावाच... पण तुला उजवाच दिसला. रीळ मी उलटं चढवलं व्हतं."

"चावडीत सांग."

"चावडी कुठं हाय आता, माणिक?"

मागून नुसती घरघर.

धोंडप्पा उतरला. दगडांत गेला. चावडी होती तिथं उभा ऱ्हाऊन वरडला, "माणिकप्पा झोपला न्हवता! मी खोटं बोललो!"

कुणी हसलं न्हाई. त्याला वाटलं, कुणीतरी आपल्याला हसावं. लई वाटलं.

घरघर थांबली. लुना पहिल्या पायडलला चालू.

नव्या गावात त्याच्या बायकोनं, उमाबाईनं दार उघडलं. कंदील खाली धरला.

"अवं, पायात काय घातलंय?"

त्यानं पाहिलं. दोन्ही चपला उजव्या.

डाव्या पायातली त्याची न्हवती. ती ओली होती, विहिरीतून काढल्यासारखी.