टेपचं दुसरं टोक

चाकणच्या पुढं, कंपन्यांच्या शेडमागं नवीन प्लॉटिंग पडलं होतं. रविवारी दुपारी प्रितम सोनकांबळे तिथं दीड गुंठा जागा बघायला गेला. त्याचे वडील धोंडीबा हे पिंपळे गुरव भागातल्या भाड्याच्या खोलीत, स्वतःच्या घराचं नाव काढत वारले, त्याला चार वर्षं झाली होती. यंदा घर बांधायचंच, असा बायकोला, साक्षीला, त्यानं शब्द दिला होता.

एजंट नानासाहेबांनी नमस्कार घ्यायच्या आधीच विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

हा प्रश्न कशासाठी असतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. याच प्रश्नावर प्रितमच्या हातून दोन जागा निसटल्या होत्या. आज त्यानं घरमालकाचं आडनाव पुढं केलं. "शितोळे." जीभ अडखळलीसुद्धा नाही, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"मग हरकत न्हाई. हितं समदी आपलीच माणसं हायेत." नानासाहेब मोकळे झाले आणि त्याच्या हातात टेप देऊन फोन घ्यायला गाडीकडं गेले.

मोजायला दुसरा माणूस नव्हता. प्रितमनं टेपचं टोक दगडाखाली ठेवलं आणि घाणेरीच्या झुडपाला वळसा घालून मागं सरकत गेला. अचानक टेप ताणली गेली. पलीकडून कुणीतरी टोक उचलून धरलं होतं.

"नानासाहेब...?"

वारा पडलेला. तापल्या मातीच्या वासात कूलंटचा, मशीन थंड ठेवणाऱ्या तेलकट पाण्याचा, वास मिसळला. तीस वर्षं मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या शर्टाला येतो तो, धुऊनही न जाणारा.

"सरळ धर, बाळा..." झुडपाआडून आवाज आला. "चाळीस फूट भरतंय..."

भीतीपेक्षा प्रितमला तोंड कुठं लपवू असं झालं. "बाबा... तुम्ही ऐकलंत?"

टेप सैल पडली. तो धावत झुडपापलीकडं गेला. टोक दगडाखालीच होतं.

गाडीपाशी नानासाहेब नजर चुकवत उभे होते. "जागा देता यायची न्हाई, सोनकांबळे. राग मानू नका. तुमच्या वडलांनीच येऊन खरं आडनाव सांगितलं."

"आणखी काय म्हणाले...?"

"म्हनले, पोराला काय बोलू नका. घराचा हट्ट माझा हाय." नानासाहेबांनी गाडीकडं बोट केलं. "उन्हाचं मागं बसवलंय त्यांना. घरी न्या."

प्रितमनं दाराला हात घातला, पण उघडायचं कोणत्या तोंडानं? काळ्या काचेआड कुणीतरी हळूच सरकून त्याला बसायला जागा करून देत होतं.