चार नंबरच्या खाटेची नाडी

हे मी रचून लिहीत नाहीये. ताईच्या रेकॉर्ड बुकचं ते पान मी स्वतः पाहिलंय, त्यावर बोट फिरवून पाहिलंय. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

मागच्या वर्षीचा डिसेंबर. दुसरा गुरुवार. दुपारचे तीन.

हो, दुपारचे. भुतं रात्रीच निघतात असं वाटणाऱ्यांनी गुरुवारी दुपारी आमच्या चाकणच्या पट्ट्यात येऊन बघावं. त्या दिवशी कंपन्यांना सुट्टी असते. एवढी शांतता, की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं.

ताई म्हणजे विजयश्री, माझी चुलत बहीण, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिचं कॉलेज महाळुंग्याच्या रस्त्यावर. इमारतीत पूर्वी कॉलेजचंच हॉस्पिटल होतं. मागे एक प्रेस शॉप आहे, तिथलं मशीन दिवसभर पत्रा ठोकतं.

धाड… धाड… धाड…

मुली त्या आवाजातच शिकतात. गुरुवारी तेवढा तो बंद.

त्या गुरुवारी विजयश्री एकटीच आली होती. टायफॉइडमुळे तिची प्रॅक्टिकल्स बुडाली होती आणि चार नाड्यांच्या नोंदी राहिल्या होत्या. संध्याकाळपर्यंत रेकॉर्ड बुकवर मोनिका मॅडमची सही झाली नाही तर हॉल तिकीट नाही. हॉल तिकीट नाही तर वर्ष वाया. आणि तिच्या वडिलांनी, उद्धवकाकांनी बजावलं होतं, वर्ष गेलं की बॅग भरायची आणि गावी, लातूरकडे औशाला परत जायचं.

सोजरबाई मावशींनी प्रॅक्टिकलच्या खोलीचं कुलूप काढलं. मावशी इथल्याच गावच्या. हॉस्पिटल होतं तेव्हापासून त्या इथे झाडलोट करतात.

"पोरी, चार नंबरला हात लावायच्या आधी नाव सांग."

"मावशी, ती रबराची बाहुली आहे."

"व्हय. तरीबी सांग."

पेशंटला हात लावण्याआधी आपलं नाव आणि काम सांगायचं, हा नर्सिंगचा पहिलाच धडा. पण बाहुलीला कोण सांगतं?

चार लोखंडी खाटा. चार बाहुल्या, गळ्यापर्यंत चादरी ओढलेल्या. साध्या रबराच्या. त्यांना नाडी नसते, त्यामुळे सगळ्या मुली डोळे झाकून बाहत्तर लिहितात. बाहत्तर लिहिलं की कुणी काही विचारत नाही.

तेवढ्यात दिव्याचा फोन आला. तिची मैत्रीण.

"झालं का गं? चारही ठिकाणी बाहत्तर टाक आणि ये. वडापाव थंड होतोय."

"आले, पाच मिनिटांत."

विजयश्रीने टेबलावर बसूनच लिहिलं. खाट एक, बाहत्तर. खाट दोन, बाहत्तर. खाट तीन, बाहत्तर.

खाट चार… बाहत्तर.

आणि मागून आवाज आला.

धप…

तिला वाटलं, प्रेस सुरू झाली.

धप…

मग तिच्या लक्षात आलं. आज गुरुवार आहे.

तिने खिडकी उघडली. प्रेस शॉपला कुलूप. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

धप… धप…

आवाज खोलीतूनच येत होता. चार नंबरच्या चादरीखालून.

कुणीही पळालं असतं. विजयश्रीचेही पाय दाराकडे वळले होते. पण पळालं की वही अपुरी, वही अपुरी की औसा. पहिल्या वर्षी ही मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती, तिच्या बोलण्याला सगळ्या हसायच्या. आता ती कुणाचं ऐकत नाही. आणि ती चिडली की तिच्या तोंडून लातूरच बाहेर पडतं.

"मला भ्या दाखवायलाव का?" ती म्हणाली. "दाखवा. मी जायले नाही कुठं."

ती खाटेजवळ गेली. मनगटावर तीन बोटं ठेवली.

गार रबर.

काहीच नाही.

मग तिला मावशींचं बोलणं आठवलं. तिने घसा खाकरला.

"माझं नाव विजयश्री. मी तुमची नाडी मोजायला आलेय."

आणि बोटांखाली… हललं.

तिने हात काढला नाही. ॲप्रनला लावलेल्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं.

अडतीस.

परत मोजलं. सव्वीस.

तिसऱ्यांदा… अकरा.

प्रत्येक ठोक्यानंतर वाटायचं, हाच शेवटचा. ती गुडघ्यावर बसली. भीती कधीच मागे पडली होती. कुणीतरी आपल्या हातातून चाललंय, एवढंच तिला कळत होतं.

"मी आहे इथं," ती म्हणाली. "मोजायलेय मी."

एक ठोका…

एक…

मग नाही.

तीन वाजून चाळीस मिनिटं.

तिने वही ओढली. दवाखान्याच्या नोंदीत खाडाखोड चालत नाही. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. तिने चौथ्या बाहत्तरवर रेघ मारली. सही केली. पुढे लिहिलं: अडतीस, सव्वीस, अकरा. ३.४० ला बंद.

चार वाजता मोनिका मॅडम आल्या. त्या याच कॉलेजात शिकल्या आणि इथेच शिकवायला लागल्या. पान वाचून त्यांच्या कपाळावर आठी आली.

"हे काय आहे? बाहुलीची नाडी अडतीस?"

"मोजली मॅडम. तेवढीच होती."

"तापाचा असर आहे का अजून? नवीन पान घे. बाहत्तर लिही, मी सही करते."

"नाही लिहिणार."

"हॉल तिकीट नको का?"

"पाहिजे. पण बाहत्तर नव्हती. बाकीच्या तिन्ही खाटा मी न मोजता लिहिल्यात, त्या खोडते हवं तर. ही नाही खोडणार. मोजाल तेच लिहा, हे तुम्हीच शिकवलंत."

दारात सोजरबाई मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या.

"किती वाजता थांबली म्हनलीस?"

"तीन चाळीसला."

मावशी तिथेच खाली बसल्या.

"माझी आय त्याच खाटंवर गेली. गोजाबाई. बारा वर्सं झाली. असाच गुरवार व्हता. साडेतीनला मी खाली च्या प्यायला गेलते. वर आले, तर वाटलं झोपलीया. कागदावर चारला बाहत्तर, पाच वाजता बी बाहत्तर. मी सहाला हात लावला, तर आय गार पडलेली."

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"कवा गेली, ते कुनालाच सांगता आलं न्हाई. आज कळलं. च्याचा कप हातात व्हता तवा."



विजयश्रीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या मावशींकडे बघत नव्हत्या. चार नंबरच्या खाटेकडेही नाही.

"तेव्हा ड्युटीवर…" त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "मी शिकत होते."

मग त्यांनी पेन घेतलं आणि त्याच पानावर सही केली.

ऑफिसात ते पान कुणी नीट पाहिलं नाही. ताईला हॉल तिकीट मिळालं, ती पासही झाली. आता हॉस्टेलवर उशिरा पोचते म्हणून बोलणी खाते, पण प्रत्येक पेशंटची नाडी पूर्ण मिनिट मोजते.

मी मात्र ते पान नीट पाहिलंय.

मॅडमच्या सहीखाली तारीख आहे. दिवस बरोबर, महिना बरोबर.

साल… बारा वर्षांपूर्वीचं.

मॅडम म्हणाल्या, हात घसरला असेल. असेलही. पण त्या सालावर त्यांनी रेघ मारलेली नाही.

परवा गुरुवारी ताई घरी आली होती. मी गमतीने हात पुढे केला, म्हटलं, माझी मोज. तिने बोटं ठेवली. बाहेर सगळं गप्प होतं.

अर्ध्या मिनिटानंतर तिच्या कपाळावर बारीक आठी आली.

"ताई, किती?"

"बोलू नकोस," ती घड्याळावरची नजर न हलवता म्हणाली. "मिनिट पूर्ण होऊ दे."