रोडगे व्हायला वेळ होता

वर्ध्याच्या बसस्टँडवर मी थरथरत उभी होते, आणि समोर एक कुत्रं शेपूट हलवत माझ्याकडे बघत होतं.

"कुत्र्याले भेता काय?" मागून कोणीतरी विचारलं.

वळून पाहिलं, तर एक तरुण. रिकाम्या पोत्यांची घडी बगलेत, बाहीला चिकटलेली मेथीची पानं, आणि डोळे… हसरे. माझे ओठ बधिर झाले होते, मानेवर घाम होता. रक्तातली साखर उतरली की माझं असंच होतं. पण अनोळखी माणसाला हे कसं सांगायचं?

"हो," मी म्हटलं. "लय भेतो."

त्यानं कुत्र्याला हाकललं. मी पाठ फिरवून पर्समधली ग्लुकोजची पावडर तोंडात टाकली.

"भेव गेल्यावर साखर खाता?"

"गोड खाल्लं की धीर येते."

तो हसला. नाव किशोर. वडनेरला घरचा भाजीपाला. पहाटे टेम्पोनं माल वर्ध्याच्या बाजारात आणायचा आणि बसनं परत जायचं. त्याच बसनं मी हिंगणघाटला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला जायचे. मग रोज तो खिडकीची जागा धरून ठेवू लागला. कधी गोरसपाक, वर्ध्याची ती गोड बिस्किटं, आणायचा. "घ्या मॅडम, धीर येते." मी एक तुकडा मोडायचे, मनातल्या मनात इन्सुलिनचा हिशोब करायचे, आणि हसायचे.

वर्गात मी फळ्यावर सगळं लिहायचे. भाकरीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी. आतड्यात ती कडी-कडीनं तुटते, साखर रक्तात येते, आणि रक्तातून पेशीत जायला तिला इन्सुलिन लागतं. एवढंच लिहायचे. माझं शरीर ते इन्सुलिन तयारच करत नाही, हे पोरींना माहीत नव्हतं. घराबाहेर आता आम्ही कोणाला सांगतच नव्हतो. पिपरी मेघेतल्या आमच्या घरी माझी आई कुंताबाई इन्सुलिनच्या सुया पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवायची. एक स्थळ या एका गोष्टीवरून परत गेलं होतं. "लग्न होतवर कोनाले सांगू नको," ती म्हणायची. तेव्हापासून मी भीत जगत होते… आणि किशोरशेजारी बसू लागल्यापासून जास्तच.

थंडी सरता सरता त्यानं विचारलं, "आमच्या वावरात रोडग्याचा कार्यक्रम आहे. येता काय?"

"मी कोण म्हणून येऊ?"

"ते…" तो खिडकीबाहेर बघू लागला. "ते तिथंच सांगतो ना."

मी गेले. त्याचे बाबा दौलतराव विस्तव फुंकत होते, आई कमलाबाई विस्तवात भाजायला कणकेचे गोळे वळत होत्या, बहीण शालू वांगी चिरत होती. "बस, झालेच रोडगे," दौलतराव म्हणाले. मी गोठ्याआड जाऊन इन्सुलिनचं इंजेक्शन टोचून घेतलं. पण आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडला होता. गोवऱ्या ओल्या, नुसता धूर. रोडगे पांढरेच राहिले.

"चला, तोवर वाटाणा दाखवतो," किशोर म्हणाला.

नाही म्हणायला हवं होतं. इन्सुलिन अंगात काम करत होतं, पोटात अन्न नव्हतं, आणि चालताना पाय उरलीसुरली साखर ओढून घेत होते. हे सगळं मी शिकवते. पण तो पुढे चालत होता, ओल्या मातीचा वास होता, आणि त्याला काहीतरी सांगायचं होतं.

"गुंजन…" त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली. मग थांबला. "तुम्ही काऊन थरथरून राह्यल्या? इथं तर कुत्रं नाई."

पर्स विहिरीच्या ओट्यावर राहिली होती. बांधावरचं बाभळीचं झाड मला दोन-दोन दिसू लागलं. मनात एकच आलं: सांगितलं तर हा जाईल; नाही सांगितलं तर मीच जाईन.

"मले शुगर आहे," मी म्हटलं. जीभ जड झाली होती. "लहानपणापासून. आता ती… उतरली. लय उतरली."

"पोळी आनू? घरची शिदोरी आहे."

"पोळीले वेळ लागते… ती तुटेपर्यंत… गूळ. गूळ आन."

तो धावला. पुढचं तुटक आठवतं: चिखल, त्याच्या धापा, दातांखाली गूळ, आणि त्याचा आवाज, "गिळ, गुंजन. गिळ ना." हळूहळू झाड पुन्हा एकच झालं. कमलाबाई जवळ उभ्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं, सुयांसकट. रोडगे झाले, मी खाल्ले. किशोरनं मला मोटरसायकलवरून वर्ध्याला सोडलं आणि तसाच मागे फिरला.

त्यानंतर तो बसला दिसेना. मी त्याची जागा धरून ठेवायचे; हिंगणघाट आलं की सोडायचे. आई विचारायची, "काय झालं वं?" मी म्हणायचे, "काई नाई." रात्री झोप यायची नाही.

एका संध्याकाळी तो दारातच आला. सोबत कमलाबाई. आई घाबरून मागे सरली.

कमलाबाई ओसरीवर टेकल्या. सरळ मलाच म्हणाल्या, "पोरी, एक विचारतो, राग नको मानू. लेकरं होतीन काय?"

"होतात, काकू. जपावं लागते. डॉक्टरच्या हाताखाली राहावं लागते."

"आन तू… खोटं नाई ना सांगून राह्यली?"

"आता नाई."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मले अजून पटलं नाई," मग म्हणाल्या. "पन पोरगं जेवत नाई." आणि आईकडे वळून पाणी मागितलं.

आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो. किशोर खाली बघत होता.

"मी डॉक्टरकडे गेलतो," तो म्हणाला. "तू बेशुद्ध पडली, गिळता आलं नाई, तर तोंडात काई घालाचं नाई. एक इंजेक्शन राह्यते, लिव्हरमधली साठवलेली साखर बाहेर काढते. ते द्याले शिकलो. संत्र्यावर सुई टोचून."

"मग इतके दिवस आला काऊन नाई?"

"भेलो. त्या दिवशी तुहे डोळे पाहून इतका भेलो… वाटलं, हे आपल्याच्यानं होनार नाई. घरी बसलो. तर तिथं अजून भेव. आता ती बसमध्ये असंल, आता तिची साखर उतरली असंल…"

"हे भेव जात नाई, किशोर. मले अजून रोज वाटते."

"मले मालूम आहे." त्यानं मान वर केली. "पन दूर राहून भेन्यापेक्षा जवळ राहून भेलेलं बरं."

मी त्याचा हात धरला. "गोड खा थोडं," मी म्हटलं. "धीर येते."