कुणी, कसं, कावून

माजलगावच्या वाचनालयात शिवकन्या खोडरबर घेऊनच यायची. जुन्या रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असायचं. पुढच्या वाचकाचा विरस नको, म्हणून ती ते खोडायची.

"पुरावा नष्ट करायलात का, मॅडम?"

तिनं दचकून वर पाहिलं. समोर एक तरुण, हातात तसल्याच पुस्तकांची चळत, आणि डोळ्यांत... हसू.

"तुम्ही कोण, फौजदार?"

"हरिओम. धारूरचा. हेरकथांवर पीएचडी करायलोय. म्हणजे फौजदारच की — बिनपगारी."

तेव्हापासून रविवार दोघांचे झाले. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाचा रस तपासणारी शिवकन्या बेतानंच बोलायची. तो मात्र सांगत सुटायचा.

"आधी गोष्टीत एकच प्रश्न होता — कुणी? बंद खोली, आत प्रेत, शेवटी हेर बोट दाखवणार. मग वाचक हुशार झाले. त्यांना पाहिजे — कसं? विष, कुलपं, गाड्यांच्या वेळा. आन् आता? खुनी कोण ते सुरुवातीलाच सांगून टाकतेत. मागं उरतंय एकच — कावून?"

"'का' म्हणा हो! प्रबंधातही 'कावून' लिहाल."

"'का' लई कोरडं हाय. कावून म्हणलं की... जवळ बसून विचारल्यावानी वाटतंय."

ती हसली. पण रस तपासताना तो शब्द उगाच ओठांवर यायला लागला.

पौषानंतरच्या एका रविवारी ती आली, तेव्हा कपाळावर कुंकवाचा टिळा होता आणि त्यात तांदळाचा दाणा चिकटलेला. आदल्या दिवशी पाहुणे कुंकू लावून गेले होते. वडिलांना, आप्पांना 'नाही' म्हणायला तिच्याकडे एकच कारण होतं, आणि ते धारूरचं कारण अजून काही बोललं नव्हतं. दाणा तिनं मुद्दाम काढला नव्हता. त्यानं 'कावून' विचारलं, तर सगळं सांगायचं... आणि घरी जाऊन आप्पांनाही सांगायचं.

हरिओमनं दाणा पाहिला. हातातलं पुस्तक हळूच मिटलं.

"कुणी... म्हणजे, कुठले पाव्हणे?"

"पुण्याचा मुलगा. इंजिनिअर."

"म्हणजे पगारी फौजदार," तो हसायला गेला. "जमलं कसं?"

"मामांनी आणलं स्थळ."

'कुणी' झालं. 'कसं' झालं. शिवकन्येनं श्वास धरला. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला.

"अभिनंदन," हरिओम म्हणाला. "ऐकून आनंद झाला."

इतकं शुद्ध तो कधीच बोलला नव्हता.

तो गेल्यावर तिनं समोरचं पुस्तक ओढलं आणि पहिल्या पानावरचं नाव खोडू लागली. नाव गेलं, तरी खोडत राहिली — कागद विरेपर्यंत.

कपाटांना कुलपं लावणारे म्हातारे ग्रंथपाल त्रिंबककाका तिच्यापाशी थांबले.

"पोरी, रडायलीस कावून?"

"काही नाही, काका," ती म्हणाली. "रबराचा भुगा गेला डोळ्यात."