कोरडा खडा

घ्या, चहा गुळाचाच आहे. आमचा धंदाच गुळाचा, तेव्हा गोष्टही त्याचीच सांगतो. भर दुपारी घडलेली.

सत्त्याण्णव साली मंगळवार पेठेत मी खाली गोदाम, वर घर बांधत होतो. स्लॅबच्या दिवशी कंत्राटदार हंबीररावांचा काँक्रीटचा ट्रक आला. धरणाच्या कामावरून लिलावात घेतलेलं जुनं धूड, पाठीवर गरगरणारा ड्रम. तेव्हा गावात स्लॅब म्हणजे घमेल्यांची साखळी. असला ट्रक आला की सगळी गल्ली बघायला जमायची.

ड्रायव्हर सयाजी चहाला गेला. मी नारळ फोडला, आणि काम गोड व्हावं म्हणून नैवेद्याच्या गुळाचा भलामोठा खडा दिला ड्रममध्ये सोडून!

सयाजीनं परत आल्यावर ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अण्णा, काय केलंसा हे! गुळानं काँक्रीट सेट हुईत न्हाय. ह्या स्लॅबखाली पोरंबाळं वावरणार हायती की तुमची!"

"मग टाक ओतून बाहेर."

त्यानं दांडा ओढला. माल बाहेर पडायला ड्रम उलटा फिरावा लागतो, तो फिरेना. इंजिन बंद केलं... तरी ड्रम फिरतच राहिला. आतून ठण्... ठण्... पान्हा आपटल्यासारखा आवाज. ओल्या सिमेंटच्या वासात मिसळलेला तंबाखूचा वास.

"केरबा मिस्त्री..." सयाजी पुटपुटला. "धरणावर ह्योच ट्रक चालवायचा. मालात खोट दिसली की पान्ह्यानं ड्रम वाजवायचा. जाऊन सात वर्सं झाली... पुढचं दोन दात पडल्यालं, तरी गुळावर लई जीव."

आवाज थांबला. मग ड्रमही.

सयाजीनं भीतभीत केबिन उघडली. सीटवर माझा खडा. कोरडा ठणठणीत, सिमेंटचा कण नाही. एक घास तोडलेला. दोन्ही बाजूंना दातांच्या खुणा, मधे फट.

तेवढ्यात आमची बायको महादेवी पदर खोचून पुढं आली. "अवो, मिस्त्रीनं सोताच्या हातानं काढून दिलाय. आता मुहूर्त बघताय व्हय? ओता की!"

स्लॅब ओतला. दहा पावसाळे झाले, थेंब गळत नाही.

ट्रक कधीच भंगारात गेला. खडा मात्र गोदामात आहे, त्या कोपऱ्यातल्या पाटावर. बघा जाऊन. मुंग्यांनी या धंद्यात माझा जीव खाल्लाय. त्यांची रांग पार तिथवर जाते. पण पाटाच्या अलीकडं, मोकळ्या फरशीवरच थांबते... आणि वळसा घालून जाते. कुणी पाय पसरून बसलं असावं, बरोबर तेवढाच वळसा.